टब क्लीन संपलं, तरी मशीनचं दार उघडना झालंय

घट बसायच्या आधीचा आठवडा आला की माझ्या फोनला उसंत नसते. लातुरात त्या दिवसांत घरोघर दसरा काढायचं चाललेलं असतं. चादरी, पडदे, पांघरुणं, ट्रंकेतले स्वेटर, सगळं बाहेर. पूर्वी बायका हे धुणं घेऊन नदीला नाहीतर विहिरीवर जायच्या, आता बाल्कनीत फ्रंट लोड मशीन असते. एवढं धुणं टाकायच्या आधी मशीन आतून स्वच्छ करून घ्यावी म्हणून कुणीतरी सकाळी रिकाम्या मशीनला टब क्लीन लावतं आणि दुपारी मला फोन येतो. "दादा, मशीन थांबून तास झाला, पण दार उघडना झालंय." मागं धुण्याचा ढीग तसाच.

मी वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. ही तक्रार दरवर्षीची, आणि कित्येकदा फोनवरच मिटते. ज्या दिवशी माझा फोन लागणार नाही त्या दिवसासाठी हे लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी हँडलवरचा हात काढा. औसा रोडवरच्या एका काकूंनी दाराच्या फटीत उलथनं घालून जोर लावला होता. हँडल तुटलं, दाराच्या कडेचं प्लास्टिक चिरलं आणि दार तसंच बंद. मी पोचलो तोवर मशीन निवली होती, लॉक स्वतःहून सुटलं होतं, पण ओढायला हँडलच उरलं नव्हतं. म्हटलं, काकू, अजून वीस मिनिटं दम धरला असता तर माझी गरजच नव्हती. तर म्हणाल्या, "मला काय माहीत, आत काय जळालं का म्हनून जीव गेला माझा."

काकूंची चूक नाही. दार उघडेना म्हटलं की लॉक बिघडलं असंच कुणालाही वाटतं. पण लॉक बिचारं हुकमाचं ताबेदार आहे. उघडायचं की नाही ते आतला बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, ठरवतो आणि ठरवताना तीन गोष्टी बघतो: ड्रम फिरायचा थांबला का, पाणी दाराच्या खाली उतरलं का आणि आतली ऊब कमी झाली का. तिन्हीचं उत्तर 'हो' आलं तरच लॉक सुटतं. म्हणून दार अडलं की मी लॉककडं शेवटी जातो. आधी शोधतो ते या तिघांपैकी 'नाही' कोण म्हणतंय ते.

आता हे टब क्लीननंतरच का होतं? रोजच्या धुण्यात आपण बहुधा गार पाणी वापरतो. टब क्लीनमध्ये हीटर चालतो आणि पाणी मॉडेलप्रमाणे ६० अंशांपर्यंत, काही मशीनमध्ये त्याहूनही वर तापतं. पाण्याची पातळीही नेहमीपेक्षा वर असते. त्यात आठ-दहा महिन्यांची साबणाची साय, केस, धाग्यांचा गाळ आणि क्षाराच्या खपल्या एकदम सुटतात आणि खाली पंपाकडं जातात. आणि हा प्रोग्राम चालतो दीड-दोन तास, म्हणजे मध्येच लाईट जायला भरपूर वेळ. सगळे योग एकाच दिवशी जुळून येतात.

प्रोग्राम व्यवस्थित संपला असेल, डिस्प्लेवर 'एंड' आलं असेल आणि काच हाताला गरम लागत असेल, तर काहीच बिघडलेलं नाही. मशीन निवायची वाट बघतेय. अर्धा तास सोडा. उन्हाळ्यात बाल्कनीत पश्चिमेचं ऊन पडत असेल तर थोडं जास्त. डिस्प्लेवर कुलपाचं किंवा लहान मुलाचं चित्र दिसतंय का तेही बघा. तो चाइल्ड लॉक असतो, आणि काही मशीनमध्ये तो लागला की दारही अडतं. त्यासाठी दिलेलं बटण तीन-चार सेकंद दाबून धरलं की जातो. हसू नका, याच एका कारणासाठी मी एकदा भर पावसात रेणापूरला जाऊन आलोय. गेल्यावर त्या घरातल्या पोराने हळूच कबूल केलं.

अर्ध्या तासानंतरही दार अडलेलंच असेल तर प्लग काढा. फक्त मशीनचं बटण बंद करून भागत नाही, भिंतीवरचा प्लग काढा. आता घड्याळ लावून पाच मिनिटं थांबा आणि कान दाराच्या उजव्या कडेला ठेवा, बहुतेक मशीनचं लॉक त्या बाजूला असतं. दोन-तीन मिनिटांत बारीकसा 'टक' आवाज येतो का?

या आवाजावरून बरंच कळतं. लॉक दोन जातीचं असतं. जुन्या जातीत एक छोटा हीटर असतो, तो दोन धातूंच्या जोडपट्टीला तापवतो, पट्टी वाकते आणि खिटी पुढं सरकते. वीज तोडली की पट्टी निवते, सरळ होते, खिटी मागं येते. तोच 'टक'. हे लॉक लाईट गेली तरी दोन-तीन मिनिटांत आपोआप सुटतं. नव्या मशीनमध्ये बऱ्याचदा दुसरी जात असते. त्यात बोर्ड विजेचा एक झटका देतो आणि लॉक लागतं, दुसरा झटका दिला की सुटतं. त्यामुळे मध्येच लाईट गेली तर ते लागलेलंच राहतं, मग तुम्ही प्लग काढून पाच मिनिटं थांबा नाहीतर पाच तास. त्याला सोडवायला मशीन परत चालूच करावी लागते.

म्हणून 'टक' आला आणि दार उघडलं, तर झालं काम. 'टक' आला पण दार उघडलं नाही, तर दोष हँडलमध्ये नाहीतर दाराच्या आकड्यात आहे. गुडघ्याने दार आत दाबून धरा आणि त्याच वेळी हँडल ओढा, बिजागरी खाली बसलेली असली तर एवढ्यावर निघतं. 'टक' आलाच नाही तर प्लग परत लावा, मशीन चालू करा आणि फक्त 'स्पिन' किंवा 'ड्रेन' निवडून चालवा. टब क्लीन पुन्हा लावू नका. लोक नेमकं तेच करतात. मशीन परत पाणी भरते, परत तापवते आणि आपण दोन तास मागं जातो. स्पिन पूर्ण झाल्यावर बोर्ड पुन्हा एकदा तिन्ही गोष्टी तपासतो, आणि नुसती लाईट गेल्यामुळे अडलेली मशीन इथंच उघडते.

इथंही अडलं तर पाणी. काचेतून बघा, मोबाईलचा टॉर्च लावा. खाली पाणी चमकतंय का? आणि स्पिन लावल्यावर पंपाचा आवाज कसा येतो? नुसतं गुणगुणणं येत असेल, पाणी पडल्याचा खळखळाट नसेल, तर पंप अडकलाय.

मशीनच्या पुढच्या अंगाला, बहुतेक उजव्या कोपऱ्यात खाली, एक छोटं झाकण असतं. त्याच्या आत फिल्टर. हे उघडायच्या आधी प्लग काढाच, आणि टब क्लीन नुकतंच झालेलं असेल तर निदान तासभर थांबा. आतलं पाणी चहाएवढं गरम असू शकतं. माझ्या मनगटावर असल्या पाण्याने भाजल्याची खूण आहे. झाकणाजवळ बारीक रबरी नळी असेल तर ती बाहेर ओढून तिचं बूच काढा आणि परातीत पाणी सोडा. नळी नसेल तर फिल्टर डावीकडं थोडाथोडाच फिरवा, पाणी येऊ द्या, परात भरली की परत घट्ट करा. एकदम काढला तर घरभर तळं. ताट-वाटी चालत नाही, पसरट परात किंवा बेकिंगचा ट्रेच लागतो, कारण खाली जागा चार बोटं असते.

फिल्टरमध्ये काय काय निघतं म्हणून सांगू! साडीच्या पिना, हेअरपिना, नाणी, तुळशीच्या माळेचे मणी, एकदा सोन्याची फुली. पण लातुरात दसऱ्याच्या सुमाराला सगळ्यात जास्त निघतं ते सोयाबीन. रास चाललेली असते, माणूस शेतातून येतो, पँटच्या खिशात, दुमडलेल्या पायात आठ-दहा दाणे असतात. धुण्यात ते सुटतात, दाराच्या रबराच्या घडीत जाऊन बसतात. टब क्लीनला पाणी वरपर्यंत येतं तेव्हा तिथून निघून थेट पंपात. गरम पाण्यात सोयाबीन दुप्पट फुगतं आणि पंपाच्या पंख्यात पाचरीसारखं बसतं. फिल्टर काढल्यावर आत टॉर्च मारा, पंखा दिसेल, बोटाने फिरवून बघा. थोडा थांबत-थांबत, झटके देत फिरला तर बरोबर आहे, त्यात चुंबक असतं. अजिबात हलत नसेल तर चिमट्याने दाणा काढा.

फिल्टर स्वच्छ, पंप चालतो, तरी पाणी आतच? मग ड्रेन पाइप. यात आपल्या भागाची एक खास खोड आहे, आणि ती चांगली आहे. मराठवाड्यात मशीनचं पाणी कुणी मोरीत सोडून देत नाही. एका धुण्याला पन्नासेक लिटर पाणी जातं, ते संडासाला, फरशीला, झाडांना वापरतात. त्यासाठी पाइप प्लास्टिकच्या मोठ्या टिपाडात सोडलेला असतो. वापरा, जरूर वापरा. पण दोनशे लिटरचं टिपाड जवळजवळ ९० सेंटिमीटर उंच असतं, ते विटांवर ठेवलं की पाइप मीटरच्या वर जातो. बहुतेक मशीनचा पंप जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंतच पाणी धड फेकतो. त्याच्या वर त्याची दमछाक होते, पाइपातलं पाणी परत टबात येतं आणि बोर्डाला वाटतं अजून पाणी आहे. खरंच असतं की! दुसरं म्हणजे पाइपचं टोक टिपाडातल्या पाण्यात बुडवू नका, नाहीतर तेच पाणी वक्रनलिकेसारखं मशीनमध्ये परत ओढलं जातं. टोक काठाला बांधा, पाण्याच्या वर लोंबू द्या. टिपाड खाली घ्या. माझ्या माहितीतल्या तीन-चार घरांचा हा दरवर्षीचा त्रास नुसत्या विटा काढल्याने गेला.

काचेत टिपूसभर पाणी दिसत नाही, पंपही ठीक, पाइपही ठीक, आणि मशीन तरीही अडून बसलीय. हे प्रकरण मला सगळ्यात आवडतं. मशीनला पाणी दिसत नसतं, ती हवेवरून अंदाज करते. टबाच्या तळाला एक छोटी कुपी असते, तिच्यातून बारीक नळी वर सेन्सरपर्यंत जाते. टबात पाणी चढलं की कुपीतली हवा दाबली जाते आणि तो दाब सेन्सर मोजतो. पाणी उतरलं की दाब उतरतो. पण कुपीच्या तोंडाशी साबणाची साय आणि क्षाराचा लगदा बसला तर हवा आतच कोंडून राहते. टब कोरडा ठणठणीत, आणि सेन्सर सांगतोय पाणी भरलेलं आहे. बोर्ड बिचारा त्याच्यावर विश्वास ठेवतो.

फेस फार झाला तरी असंच होतं. काही जण टब क्लीनला मुठीने पावडर टाकतात, वर अर्धी वाटी लिक्विड. काचेत फेस दिसत असेल तर तासभर सोडा, फेस बसला की एकदा रिन्स आणि स्पिन चालवा. लगदा असेल तर मात्र मशीन खोलावी लागते: मागचे दोन स्क्रू काढून वरचं झाकण मागं सरकवायचं, सेन्सरची नळी त्याच्याकडच्या टोकाला सोडवायची आणि नळीतून खाली हळू फुंकायचं. बुडबुड असा आवाज आला की मोकळी झाली. सेन्सरच्या तोंडात फुंकू नका, आतला पडदा फाटतो. हाताला स्क्रू ड्रायव्हरची सवय नसेल तर हे काम आमच्यासारख्यांवर सोडा.

या लगद्याचं मूळ आपल्या पाण्यात आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं त्या गावात मी हे काम करतो. १२ एप्रिलला पहिली गाडी आली तेव्हा दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी होतं. त्या उन्हाळ्यात मशीन दुरुस्तीला कुणी बोलावत नव्हतं, चालवतंच कोण होतं! त्यानंतर घरोघर बोअर अजून खोल गेले. काळ्या कातळातून वर येणारं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊनच येतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं असं आहे. तुमच्या बोअरचं पाणी कुठं बसतं ते तपासायला प्रयोगशाळा लागते, पण घरचं मोजमाप सोपं आहे. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही आणि आंघोळीला साबण फेसत नाही, ते पाणी मशीनलाही जड. लोक टीडीएस मीटर बुडवून मला आकडा सांगतात. टीडीएस म्हणजे विरघळलेलं सगळं मिळून, त्यात मीठही आलं. मशीनला नडतो तो कठीणपणा.

आणि पाणी तापलं की हा क्षार विरघळून न राहता बाहेर पडतो. गिझरच्या कॉइलवर, चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो तो हाच. मशीनच्या हीटरवर, कुपीच्या तोंडाशी आणि ऊब मोजणाऱ्या सेन्सरवरही तो बसतो. त्या सेन्सरवर जाड थर असला की आतलं पाणी निवूनही तो उशिरा कळवतो, म्हणून अशा मशीन दरवर्षी थोड्या-थोड्या जास्त वेळ अडायला लागतात.

उपाय स्वस्त आहे. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व शंभरेक ग्रॅम घ्या, रिकाम्या ड्रममध्ये टाका आणि ६० अंशांचा साधा कॉटन प्रोग्राम चालवा, दुसरी पावडर काही नको. क्षार विरघळतो. बोअरचं पाणी असेल तर तीन-चार महिन्यांतून एकदा पुरे, रोज-रोज केलं तर रबर खराब होतं. पण एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: लिंबूसत्त्व आणि ब्लीच एकत्र कधीच टाकायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद मोरीत तो जीवावर बेतू शकतो. आधी एक, मग साध्या पाण्याचं रिन्स, दुसरं दुसऱ्या दिवशी.

टब क्लीनही दसऱ्यापर्यंत साठवू नका. बहुतेक कंपन्या तीस-चाळीस धुण्यांनंतर एकदा करा म्हणतात. वर्षभराचा गाळ एकदम सुटण्यापेक्षा थोडा-थोडा सुटलेला बरा. करायच्या आधी दाराच्या रबराची घडी उलटून फडक्याने पुसा आणि फिल्टर रिकामा करा. आणि लाईट कधी जाते ते पाहून लावा. आमच्या गल्लीत ज्या वारी दुरुस्तीसाठी लाईट जाते त्या वारी मी मशीन लावत नाही. इन्व्हर्टरच्या लाइनवर तर टब क्लीन अजिबात नको. हीटर एकटाच दोन हजार वॅटच्या आसपास ओढतो, घरचा इन्व्हर्टर तिथंच मान टाकतो आणि मशीन गरम पाण्यासकट अडकते. व्होल्टेज फार पडलं तरी पंप नुसता गुणगुणतो, मग फिल्टर खोलून काही सापडत नाही. बल्ब मिणमिणता असेल तर संध्याकाळच्या पाण्याच्या मोटारी बंद व्हायची वाट बघा.

एवढं सगळं करून दार अडलंच तर फिल्टरच्या झाकणामागं बघा. काही मॉडेलना तिथं लाल किंवा नारिंगी पट्टी लोंबत असते, तीच हाताने लॉक सोडायची सोय. आतलं पाणी पूर्ण काढल्यावरच ती हळू खाली ओढायची. सगळ्यांना ती नसते. नसेल तर वरचं झाकण काढून आतून लॉकची खिटी सरकवावी लागते, आणि लॉक जळालेलं असेल तर बदलावं लागतं. ते फार महाग नसतं. महाग पडतं ते दार.

आणि हो, आजीच्या हातची जाड वाकळ मशीनमध्ये घालू नका. ओली झाल्यावर तिचं वजन सात किलोच्या मशीनला पेलत नाही, ड्रमचे स्प्रिंग जातात. ती टिपाडातल्या त्याच पाण्यात भिजवा आणि गच्चीवर दोघी-तिघींनी मिळून पिळा.

मला फोन केलात तर मॉडेल नंबर नंतर सांगा. आधी एवढंच सांगा: प्लग काढल्यावर 'टक' आला का, काचेतून पाणी दिसतं का, स्पिन लावल्यावर पंप गुणगुणतो की खळखळतो, आणि टिपाड विटांवर आहे का.